कॅलेंडरवरचे चार थेंब

शनिवारी प्रयोगशाळेतून निघताना शर्वाणीने विद्यापीठाच्या फाटकावरच्या यंत्राला रोजच्यासारखं कपाळ लावलं आणि औषधाची आठवण जमा केली. अर्जाआधी गुपित फुटलं असतं तर तिच्या आणि भागीदाराच्या छोट्या कंपनीला पेटंट मिळालं नसतं, आणि मोठ्या कंपन्या टपून बसल्या होत्या. हा नियम सुचवला होता तिनेच.

रविवारी दुपारी वडिलांना झटका आला. औषधाच्या चाचणीतले ते पहिले रुग्ण. बाटली फ्रिजमध्ये होती. पण किती थेंब, कशातून द्यायचे, हे शर्वाणीला आठवेना. सगळा शोध तेवढाच तर होता. चुकलं तर हृदय थांबेल, एवढं मात्र तिला ठाऊक होतं.

तिने भागीदाराला, इरफानला फोन लावला.

"माझीही आठवण फाटकावरच आहे," तो म्हणाला. "सोमवारशिवाय ते यंत्र उघडत नाहीत गं."

वडिलांचे ओठ निळे पडत चालले होते.

"चार थेंब, लिंबाच्या सरबतातून," आई म्हणाली. "प्रयोगशाळेत तू यांना द्यायचीस तेव्हा मी शेजारी बसून मोजायचे. कॅलेंडरवर लिहून ठेवलंय."

दुधाच्या खाड्यांशेजारी खरंच तसं लिहिलं होतं. शर्वाणीने सरबतात थेंब मोजून वडिलांना पाजले. दहा मिनिटांनी वडिलांचा श्वास पूर्ववत झाला.

मग तिने कॅलेंडरच्या पानाला हात घातला. "आई, हे कुणी पाहिलं नाही ना?"

"फाड खुशाल. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय मी. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनाही असंच होतं."