फडावर पोसलेला मुलूख

"ताई, सांगतो त्यावर तुमचा इस्वास बसायचा न्हाई," भैरू सोंगाड्यानं पुण्याहून आलेल्या नीलाताईंना आधीच बजावलं.

चौऱ्याहत्तर साली तमाशावर किती घरांच्या चुली पेटतात, याचा अभ्यास करायला त्या चिंचवडला आल्या होत्या. तमाशाच्या मैदानावर कारखान्याची शेड येणार, हे जवळजवळ ठरलं होतं. अडवलं तर त्यांचा अहवालच अडवणार होता. मग भैरूनं सांगताना हात राखला नाही.

"गेल्या जत्रंला असा फड रंगला, की कंपनीला सेकंड शिफ्ट बंद ठिवाय लागली! मशीनवर माणूसच न्हाई, समदं हितं. भजीवाल्याच्या कढईखालचा जाळ आठ दिस इझला न्हाई. शिंप्याला जेवाय सवड न्हाई. अन् आमची कस्तुरा नाचाय लागली, की सायबलोक टाय सोडून लिंबावर चढायचं!"

नीलाताई भराभर लिहून घेत होत्या. वाचलं मैदान, भैरूला वाटलं.

"मग या कस्तुराबाईंना भेटायलाच हवं," त्या म्हणाल्या.

"ती व्हय? ती तमाशाच्या बारीला संगमनेरला गेलीया," भैरूनं ठोकून दिलं.

 

"कुठलं संगमनेर, भैरूदा?" मागं येऊन उभी राहिलेली कस्तुरा म्हणाली. "दोन सालामागं फड मोडला, तवापास्नं मी कंपनीच्या कँटीनात चपात्या लाटतीया, अन् तू तिथंच गेटावर दांडकं घिऊन हुबा ऱ्हातोस. जत्रंत नाचलं कोण?"