कोमट ट्यूब

मास्तरांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे हात घातला आणि चटकन बाहेर काढला. आतल्या काचेच्या ट्यूब कोमट होत्या.

सकाळी वाजवून झाल्यावर बटण त्यांनी स्वतः बंद केलं होतं. मग दिवसभर क्लासात लोकांच्या बेसूर गिटारी ऐकत बसले होते. बंद यंत्राच्या ट्यूब काही दिवसभर तापून राहत नाहीत. चहा गार व्हायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ, बस्स.

"माझ्या खोलीत कोणी आलं होतं का?"

"कोण येणार?" बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "मी झाडून घेतलं तेवढं."

झाडल्याने ट्यूब तापत नाहीत. पण मास्तरांचा स्वभावच असा. आधी मनातल्या मनात खटला चालवायचा, निकाल द्यायचा आणि मग तोंड उघडायचं.

त्यांनी सुट्या ट्यूबांचा डबा काढला. अ‍ॅम्प्लिफायरमधल्या मोठ्या ट्यूब आवाजाला ताकद देतात, छोट्या त्याला चव देतात. छोट्यांतली पहिली बदलली की गिटारचा सगळा स्वभाव बदलतो. मास्तरांना तिखट आवाज आवडायचा, म्हणून पहिल्या जागी कायम कडक ट्यूब. मऊ आवाजाची एक डब्यात कापसात गुंडाळून ठेवलेली. मास्तर कापसाची नीट घडी घालत. आज तो कसाबसा कोंबलेला होता, आणि आतली मऊ ट्यूबही कोमट होती.

म्हणजे कोणीतरी ट्यूब बदलत होतं, वाजवत होतं आणि सगळं पुन्हा होतं तसं ठेवून जात होतं. हे कुणा ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. जाणकार माणूस होता. त्यांच्या माघारी, त्यांच्या घरात, त्यांच्याच गिटारवर.

आता एवढ्यावरून नवऱ्याच्या डोक्यात काय येणार? तेच आलं. गिटारवाल्यावर भाळायची हिची खोड जुनीच, मास्तर मनात म्हणाले. लग्नाआधी ती त्यांच्याच क्लासात शिकायला यायची आणि मास्तरांवरच भाळली होती.

आणि हे सगळं आत्ताच व्हायचं होतं, दिवस फिरले असताना. मास्तर ज्याच्यासाठी गिटार वाजवायचे त्या रेकॉर्डिंग स्टुडिओच्या मालकाने मध्यंतरी तोंडावर सांगितलं होतं, "मास्तर, बोटं जड झालीत तुमची. थोडे दिवस बघतो, नाहीतर दुसरा माणूस घ्यावा लागेल." मास्तरांची झोप उडाली होती. स्टुडिओ सुटला की ते फक्त क्लासवाले मास्तर उरणार होते, आणि ते त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. ते रोज पहाटे उठून गिटार घासायला लागले. सकाळी घरीच स्टुडिओसाठीचा तुकडा वाजवून रेकॉर्ड करून ठेवायचे आणि बाहेर पडायचे. रेकॉर्डचं एक बटण सोडलं तर संगणकाशी त्यांचं जन्माचं वाकडं, त्यामुळे पुढची पाठवापाठवी बायकोकडे. आणि काय आश्चर्य, मालकाचा सूरच बदलला.

"जुना हात परत आलाय तुमचा," तो परवाच म्हणाला. "आणि आवाज काय गोड लावलाय."

"मोठ्या ट्यूब नव्या टाकल्यात," मास्तर म्हणाले होते. आपल्या तिखट आवाजाला हा गोड का म्हणतो, असं त्यांना क्षणभर वाटलं, पण कौतुकाची उलटतपासणी कोण करतं?

दुसऱ्या दिवशी ते फ्यूज घ्यायच्या निमित्ताने रेडिओवाल्याच्या दुकानात गेले. जुने रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा गावात तो एकच.

"मऊ ट्यूब चालतेय ना आता?" रेडिओवाल्याने मान खाली घालूनच विचारलं.

"कुठली?"

"वहिनी बदलून घेऊन गेल्या ती. जुनी किरकिरत होती म्हणे." मग त्याने जीभ चावली आणि उगाचच एक स्क्रू पिळायला घेतला.

"तिला काय कळतंय किरकिर?"

"तुमच्यासाठीच नेली असेल, मास्तर."

आज त्याचा शर्ट इस्त्रीचा होता. एरवी हा माणूस बनियनवर बसायचा. मास्तरांनी फ्यूज घेतला आणि ते तडक निघाले.

जेवताना त्यांना बायकोच्या बोटाच्या टोकाला चिकटपट्टी दिसली.

"काय झालं?"

"सुरी लागली."

"डाव्या हाताला?"

"भाजी डाव्याच हातात धरतात, अहो. कधी चिरली असती तर ठाऊक असतं."

एरवी मास्तर हसले असते. त्या दिवशी नाही. एवढ्या वर्षांचा संसार, आणि ही "कोण येणार?" असं इतकं सहज खोटं बोलते, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते क्लासला म्हणून निघाले आणि कोपऱ्यावरूनच माघारी फिरले. जिन्यात उभे राहिले. थोड्या वेळाने वरून गिटार ऐकू आली. मऊ, गोड.

तो आला होता. रेडिओवाला असो नाहीतर आणखी कोणी, आज सापडला होता.

पायऱ्या चढता चढता मास्तर थबकले. हा तर सकाळचाच तुकडा. आपण आज वाजवून ठेवलेला. ज्या वळणावर त्यांचं बोट रोज अडखळायचं, तिथून हा हात लोण्यातून सुरी जावी तसा निघून गेला. मास्तरांचा संताप झाला आणि लाजही वाटली. चोर तो चोर, वर आपल्याहून सरस वाजवतो.

त्यांनी आवाज न करता किल्ली फिरवली, तरातरा खोलीपर्यंत गेले आणि दार ढकललं.

आत दुसरं कोणी नव्हतं. बायको मागचं संगीत ऐकायला कानांना हेडफोन लावून, दाराकडे पाठ करून बसली होती. मांडीवर गिटार होती. तुकडा संपला तसा तिने संगणकाकडे हात नेला, मास्तरांचं सकाळचं वाजवणं पुसून टाकलं, त्या जागी आपलं ठेवलं आणि मास्तरांच्या नावाने स्टुडिओला पाठवून दिलं, रोजच्यासारखं.