सांदवाडीतलं वारूळ

गुड्डीच्या हातातला घास तोंडाशी गेला आणि चंद्रकलेनं तो वरच्यावर हिसकला. भात आणि अळंब्यांची भाजी खाली सांडली. पोरीनं भोकाड पसरलं.

"काहून वो?" चुलीपुढून धुरपताबाईंनी मान वळवली. "लेकराच्या तोंडचा घास कायले काढून राहिली?"

"आई, ह्या सात्या कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? घरामागच्या. आपल्या सांदवाडीतलं वारूळ पाहाचं होतं सकाळी! रातच्या पान्यानं छत्र्याच छत्र्या. टोपलं भरलं माय."

चंद्रकलेनं गुड्डीचा जबडा धरला, बोट घालून तोंड आतून पुसून काढलं. भाताचं शीत निघालं, बाकी काही नाही. तरी तिनं पुन्हा बोट फिरवलं. पोर गुदमरली, चावली.

"अवो, मारतं का तिले?"

"वारुळात औषध आहे," चंद्रकला म्हणाली. "मी टाकलं. परवा, तुम्ही निंदणाला गेल्या होत्या तेव्हा. धानावर मारायची पावडर. गॅमेक्सिन."

धुरपताबाईंच्या हातातला पळा भांड्यावर तसाच राहिला.

गेल्या आठवड्यात गुड्डीनं वारुळाच्या भोकात कोपरापर्यंत हात घातला होता, आणि वर हसत होती. तेव्हापासून चंद्रकलेला झोप नव्हती. वारूळ खोदून टाकू म्हणून ती सासूच्या मागे लागली. "ते आपल्या आधीपासून आहे," एवढंच उत्तर मिळालं. नवरा, जागेश्वर, जवाहरनगरच्या कारखान्यात, शनिवारी येणार आणि दोघींचंही बरोबर म्हणणार. मग तिनंच डबा उचलला, भोकाभोकांत रिकामा केला, वरून चिखल लिंपला. त्या रात्रीच्या आणि कालच्या पावसानं सगळं धुऊन सारखं केलं. दिसायला काही उरलं नाही.

बी.एस्सी.च्या परीक्षेत वारुळाची आकृती तिनंच काढली होती. वाळवी आत काडीकचरा नेते, त्याच्यावर बुरशीची शेती करते, पावसाळ्यात तीच बुरशी छत्री होऊन बाहेर येते. आकृती सुबक आली होती. डबा रिकामा करताना त्यातलं काही तिच्या मनात नव्हतं. मनात होता तो साप.

धुरपताबाईंनी भांडं उतरवलं, झाकलं, ताटातलं आणि खाली सांडलेलंही त्यात भरलं. सब्बल घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा केला. "उकिरड्यावर टाकलं का कोंबड्या खातीन," पुटपुटत भाजी पुरली, वर दगड ठेवला, राखेनं हात घासून आत आल्या.

गुड्डी आता गूळ चाटत होती. चंद्रकलेनं पहिल्यांदा पुरता श्वास घेतला. "बरं झालं. कोणाच्याच पोटात गेली नाही."

"माह्या गेली ना."

"काय?"

"सकाळीच खाल्ली मी. वाडगाभर." धुरपताबाई पदरानं हात पुसत खाली टेकल्या. "सात्या जिनं तोडल्या तिनं पयले खावाच्या. दिवस माथ्यावर आला, तिले काही झालं नाही, का मंग लेकरांच्या ताटात. रानची चीज. कोनती चांगली, कोनती वाईट, डोळा चुकते कधी. माह्या सासूनं तसंच केलं, मीनं बी जागेश्वरच्या वक्ती तसंच केलं."

दर पावसाळ्यात चंद्रकलेनं पाहिलं होतं. भल्या सकाळी सासू चुलीशी एकटी बसून वाडगा चाटूनपुसून संपवायची. माहेरी गेली की बहिणींना ती नक्कल करून दाखवायची. म्हातारीची खादाडी म्हणून.

"उठा. साकोलीची गाडी मिळेल. डॉक्टरकडे जाऊ."

"अन् काय सांगशील त्याले? सुनेनं सासूले औषध चारलं?" धुरपताबाईंना हसू फुटलं. "बसभर लोक उतरून पाहातीन तुले."

"हसू नका आई. उलटी करा निदान. मी मिठाचं पाणी आणते."

"सकाळचं खाल्लेलं आता कुठं बसलं राहाते? झालं असतं तं झालं असतं एव्हाना." त्यांनी हातपाय लांब केले. "मले पडू दे थोडी. निंदून निंदून कंबर गेली."

त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मिठाच्या पाण्याचा गिलास उशाशी तसाच राहिला. चंद्रकला उंबऱ्यावर बसली, उठली, गुड्डीला मांडीवर घेतलं, खाली ठेवलं. बसस्टँडकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला. ती पायात चप्पल घालून उभी राहिली. गाडी गेल्याचा आवाजही आला. म्हातारीचे ओठ निळे दिसतात का? हात थरथरतो का? तो तर नेहमीच थरथरतो. की नाही? इतकी वर्षं एका घरात राहून तिला ते सांगता येईना.

माश्या घोंगावत होत्या. म्हातारी हलेना.

चंद्रकला गुडघ्यांवर सरकत जवळ गेली आणि तिनं सासूच्या नाकाखाली बोट धरलं.

"जित्ती आहो," डोळे न उघडता धुरपताबाई म्हणाल्या. "तू वारुळाकडं जाऊन पाहा. तिकडं कोनी जित्तं राहिलं का."