एकच विनंती

"फोटो हाच राहील," ग्वाक म्हणाले.

उन-बीनं पुन्हा फोनच्या पडद्याकडे पाहिलं. राखाडी गणवेश, डोक्यावर हेल्मेट, कपाळावर आठ्या. "काका, यात तुम्ही कुणावर तरी डाफरताय असं वाटतं. सूट घालून एक काढू या ना. खालच्या मजल्यावर काढून देतात."

"गोदीत मी असाच दिसायचो. बघणाऱ्याला ओळख पटली पाहिजे."

कोरियातल्या कोजे बेटावरच्या समाजकेंद्रात उन-बी साठीच्या आसपासच्या लोकांना नोकरीच्या साइटवर आपलं पान उघडायला शिकवायची. पानावर आपला अनुभव मांडायचा, लोकांना ओळखीची विनंती पाठवायची, त्यांनी ती मान्य केली की कुठं काम आहे याचा कानोसा घ्यायचा. वर्गातले बहुतेक जण जहाजांच्या गोदीतून निवृत्त झालेले. ग्वाक दोंग-छोल त्यातलेच. वेल्डरांच्या तुकडीचे मुकादम होते.

शेजारच्या खुर्चीवर नाम आडनावाचे गृहस्थ बसायचे, बँकेतून निवृत्त झालेले. दोघांचं जन्मवर्ष एकच निघालं आणि त्याच दिवशी ते अरे-तुरेवर आले.

"तुला घरी शिकवायला कोणी नाही का रे?" नामनी विचारलं. "माझा मुलगा शिकवायला बसतो आणि लगेच ओरडायला लागतो. म्हटलं, त्यापेक्षा परकी पोरगी बरी."

"ज्याला त्याला आपापली कामं असतात," ग्वाक म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

'स्वतःविषयी' या जागी उन-बीनं त्यांच्यासाठी छान लिहून दिलं होतं: मेहनती, वक्तशीर, सगळ्यांना सांभाळून घेणारे. ग्वाकनी ते सगळं पुसून टाकलं आणि एका बोटानं, अक्षरं शोधत शोधत, स्वतः लिहिलं: 'या गोदीतून समुद्रात उतरलेल्या कितीतरी जहाजांवर माझ्या तुकडीचा हात फिरला आहे. त्याचा मला अभिमान आहे. माझ्या तुकडीत एकही बाई नव्हती. त्याचा अभिमान नाही.'

उन-बीनं ते दोनदा वाचलं. "काका, नोकरी मागताना आपली चूक कोण लिहितं?"

"मी लिहितो."

"पण तेव्हा सगळीकडे तसंच असणार. वेल्डिंगला कोणी बाई आलीच नसेल."

"एक आली होती. मी नाही म्हटलं."

"हे वाचून तुला कोण ठेवणार कामावर?" नाम हसायला लागले. "गप सुटातला फोटो लाव आणि वक्तशीर हो."

विनंत्या पाठवायचा धडा आला तेव्हा नामनी सपाटाच लावला. जुने साहेब, जुने खातेदार, एका लग्नात भेटलेला कोणीतरी. ग्वाकनी एकच विनंती पाठवली. तीही बटणावर बोट धरून बराच वेळ बसल्यानंतर.

"एकच?" नाम म्हणाले. "नोकरी शोधतोयस की सोयरीक जुळवतोयस?"

"एक पुरे."

त्यानंतर वर्गात आले की ग्वाक आधी फोन पुढं करायचे. "बघा बरं, आलं का काही?"

काही आलेलं नसायचं. "मोठ्या कंपन्या वेळ लावतात," उन-बी समजूत घालायची. "कुठली आहे तुमची?"

"जहाजांचीच."

नामना एका पतसंस्थेत दुपारचं काम मिळालं. त्यांनी सगळ्यांना किंबाप, म्हणजे भाताचे रोल, आणून खाऊ घातले. ग्वाकनी त्यांची पाठ थोपटली, पोटभर खाल्लं आणि पुन्हा फोन पाहिला.

आणि मग एका सकाळी खरंच संदेश आला. तोंग्यॉंगमधल्या एका कारखान्याचा. त्यांना नव्या वेल्डरांना शिकवायला अनुभवी माणूस हवा होता. नव्या तुकडीत निम्म्या मुली होत्या. 'तुम्ही स्वतःविषयी लिहिलेलं वाचलं,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'असाच माणूस शोधतोय. कधीपासून येऊ शकाल?'

उन-बीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. वर्गात टाळ्या पडल्या. ग्वाक उठून उभे राहिले, कंबरेत वाकले. कान लालबुंद झाले होते.

"मी शब्द मागं घेतो," नाम म्हणाले. "तूच शहाणा निघालास. चल, आज तू पाजायचीस. कॉफी नको, सोजू!"

"हो म्हणून कळवू?" उन-बीची बोटं फोनवर तयारच होती.

"थांबा जरा. दुपारी कळवतो."

"दुपारी? काका, माणसं वर्षभर वाट बघतात अशा संदेशाची!"

"मान देऊन बोलावतायत, त्यांचे उपकार आहेत. पण मी दुसऱ्या उत्तराची वाट बघतोय."

"याचा ताठा बघा," नाम म्हणाले. "एवढी कुठली कंपनी लागून गेलीय रे?"

उन-बीलाही राग आला होता. ती काही बोलणार इतक्यात तिच्या हातातला फोन थरथरला. तिनं पाहिलं, आणि तिचा राग तिथंच थांबला.

"काका, तुमची विनंती मान्य झालीय."

ग्वाक खुर्चीचा हात धरून खाली बसले. "वाचा," ते म्हणाले. "मोठ्यानं वाचा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

फोटोत पिवळं हेल्मेट घातलेली पस्तिशीतली बाई होती. मागं अर्धवट बांधलेलं जहाज. कपाळावर आठ्या. उन-बीनं वाचलं, "ग्वाक से-रिन. जहाजबांधणी. मुख्य वेल्डिंग अभियंता."

"मुख्य," ग्वाक वर्गाकडे वळून म्हणाले. "ऐकलंत ना? मुख्य."

"अरे, आडनाव तुझंच की," नाम म्हणाले.

उन-बीनं फोन त्यांच्या हातात ठेवला. "मुलगी तुमची?"

"तुकडीत घ्यायला मी नाही म्हटलं, ती हीच. कित्येक वर्षं माझा फोन घेत नाही, बाई," ग्वाक म्हणाले. "बाप म्हणून नाही, पण गोदीतला माणूस म्हणून आज तिनं मला ओळख दिली."