यादीतलं नाव

सुटणाऱ्या खलाशांच्या यादीत विलास बुजड हे नाव आहे, असं ग्रामसेवकांनी सांगितलं, तशी जयवंती मुलीला घेऊन तलासरीच्या नाक्यावर आली. मुलगी तान्ही असताना विलास गुजरातेतल्या ओखा बंदराच्या बोटीवर मासेमारीला गेला होता. बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली आणि पाकिस्तानच्या गस्तीनौकेने सगळ्यांना धरून नेलं. त्याची शिक्षा तीन वर्षांपूर्वीच संपली होती, पण दोन देशांची बोलणी बंद होती.

बसमधून नऊ जण उतरले. त्यात विलास नव्हता. शेवटच्या माणसाच्या अंगात मात्र त्याचा निळा सदरा होता.

"तुम्ही कोण?" जयवंतीने विचारलं.

"विलास बुजड. झरीचा." त्याने मान खाली घातली. "आम्ही एकाच कोठडीत होतो, वहिनी. नाव पुकारलं तेव्हा दोघंही उठलो. मग त्यांनी बापाचं नाव वाचलं आणि तो खाली बसला. थोड्या वेळाने म्हणाला, घरी असा फाटक्या कपड्यांत जाऊ नकोस. आणि सदरा काढून दिला."

तो बटणं काढू लागला. जयवंतीने त्याला थांबवलं.

"राहू द्या. तिकडून तुम्हाला हाका मारतेय ती तुमची आई ना? आधी तिला भेटा."

तो आईकडे निघाला. इतका वेळ त्याच्याकडेच टक लावून पाहणाऱ्या मुलीने जयवंतीचा पदर ओढला.

"आई, बाबा तिकडे कुठे चाललेत?"