नवव्या दिवसाचं पाणी

“महिनाभर वारा नको, डोक्यावर पाणी नको!” हा सासूचा हुकूम गुइझेनने चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या बाळंतपणात ऐकला होता. आता सासू भिंतीवरच्या तसबिरीत होती आणि हुकूम गुइझेनच्या तोंडात.

चीनमधल्या चांगशा शहरातला जुलै म्हणजे पेटती भट्टी. त्यात दार बंद, खिडकी बंद, डोक्याला टोपी, अंगावर दुलई, आणि दुलईखाली बारा दिवसांची बाळंतीण, सून यालान. घरभेटीला आलेल्या नर्सने तिच्या कपाळाला हात लावला आणि ती दचकलीच.

“मावशी, उकाड्याने ताप चढलाय हिला! खिडकी उघडा, अंग पुसा. नाहीतर तासाभरात रुग्णवाहिका बोलवावी लागेल.”

“अगं, या खोलीत वारासुद्धा शिरत नाही, आजार कुठून शिरेल?” गुइझेन फणकारली. “मी तीस दिवस केसांना पाणी लावलं नाही. आहे की नाही ठणठणीत?” तिने आल्याच्या गूळपाण्याची वाफाळती वाटी सुनेपुढे धरली.

यालानच्या हातातून वाटी निसटली. “आई,” ती पुटपुटली, “तुम्ही तीस दिवस कसे हो काढलेत?”

गुइझेन मग उठली. आधी तिने सासूची तसबीर भिंतीकडे तोंड करून फिरवली, मग खिडकी सताड उघडली. ओला पंचा सुनेच्या कपाळावर ठेवत ती तिच्या कानाशी वाकली.

“नवव्याच दिवशी चोरून न्हाले होते गं मी.”