विचारपूस

बाळंतपणाला अंबाजोगाईला माहेरी आलेली रुद्राणी पलंगावर पडल्या पडल्या बंगलोरच्या कंपनीचं काम करायची. लॅपटॉपची बॅटरी जास्त वेळ कशी टिकेल, हे बघायचं तिचं काम. संगणक आतल्या प्रत्येक भागाला सारखा विचारत बसतो, 'ठीक आहेस ना?', आणि त्या विचारण्यातच बॅटरी संपते. म्हणून तिनं नियम लिहिला: विचारायचं नाही. काही बिघडलं, तर त्या भागानंच कळवायचं.

"बाळ हाललं का गं?" आईनं दारातून पुन्हा विचारलं.

"आई, सारखं नको ना विचारू. काही वाटलं तर मीच सांगते."

आई आत निघून गेली आणि परत विचारायला आली नाही.

दुपारी लाईट गेली, कूलर थांबला आणि रुद्राणीचा डोळा लागला. स्वप्नात ती लॅपटॉपच्या आत फिरत होती. सगळीकडे निळसर उजेड, कुणाची काही तक्रार नाही. तिला बरं वाटलं. मग कोपऱ्यात पंखा दिसला. तो कधीचाच थांबला होता.

"कळवलं का नाहीस?" तिनं विचारलं.

बंद पडलेला पंखा काय बोलणार?

ती दचकून उठली. पोटावर हात ठेवला. आत सगळं शांत होतं.

"आई!"

आई धावत आली. "काय झालं गं?"

"तू कावून विचारलं न्हाईस?"

आईनं तिच्या पोटावर तळवा टेकवला आणि वाकून हळूच म्हणाली, "काय रं लेकरा, हायेस ना?"

मग तळव्याखाली एक बारीकशी लाथ बसली.

रुद्राणीनं आईचा हात तिथंच दाबून धरला. "परत विचार."